'च', 'ही', 'पण' वाचताना या चुका टाळा

परवा एक स्क्रिप्ट रेकॉर्ड करत होते, त्यात कुणीतरी 'एक च उपाय' असं सुटं टाइप केलेलं आणि मीपण डोकं बाजूला ठेवून 'एक... चं उपाय' वाचून मोकळी झाले, नंतर ऐकलं तर माझं मलाच कसंतरी झालं.

नुसतं 'एक' म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो, 'एक्'. पण 'एकच' म्हणा बरं, तो गिळलेला अ परत येतो आणि आता च चा अ जातो, 'एकच्'. म्हणजे च चिकटला की आधीच्या शब्दाचा उच्चारच बदलतो, मग मध्ये स्पेस देऊन कसं चालेल? आणि हा च 'चोर'मधला, 'चहा'मधला नाही.

गोंधळ का होतो तर व्याकरणात च, ही, ना, पण, सुद्धा यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात, ती सामान्यरूप करत नाहीत, म्हणजे आधीच्या शब्दाचं रूप बदलत नाहीत. 'वर' लागलं की 'घर'चं 'घरावर' होतं, पण 'घरही'मध्ये घर जसंच्या तसं, त्यामुळे ही वेगळा शब्द वाटतो.

स्पेसने अर्थही पलटतो हं. 'तीही साडी घेते' म्हणजे तीसुद्धा घेते, आणि 'ती ही साडी घेते' म्हणजे हीच साडी, तिथे ही वर वजन येतं.

दुसरी चूक, जोर द्यायचाय म्हणून च वरच जोर देणं. 'मीच केलं'मध्ये वजन मी वर, च नुसता मागे लटकतो.

'पण'चं तर विचारूच नका, लिहिताना बरेच जण सुटंच ठेवतात. 'मी पण येतो'मध्ये ते मी ला टेकतं, 'येतो, पण उशिरा'मध्ये पुढच्याला. पहिल्यात पण च्या आधी थांबलात तर ऐकणारा पुढची अडचण ऐकायला तयार होऊन बसतो. 'तो म्हणाला की'मध्ये पण बरेच जण की च्या आधी थांबतात, बोलताना श्वास की च्या नंतर घेतो आपण.

आणि 'आला आहे'चं 'आलाय' होतं तेव्हा तो य सुटा टाइप करू नका, 'आला य' वाचणार कसं? त्याला टेकायला काहीतरी लागतंच. 'घरी आहेस का?' विचारल्यावर नुसतं 'आहे' म्हणता येतं, नुसतं 'य' म्हणून बघा.