गन बदलण्याआधी पाइप बघा: एअर इम्पॅक्ट गनच्या या चुका टाळा

वर्षातून पाच-सात जण तरी माझ्या गॅरेजवर इम्पॅक्ट गन, म्हणजे हवेच्या जोरावर चाकाचे नट काढायचं-आवळायचं यंत्र, घेऊन येतात आणि वाक्य एकच असतं, "दादा, हिच्यात दम नाही राहिला." मी गन हातात घेतच नाही. आधी विचारतो, पाइप कुठला लावलाय? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं: स्प्रे गनबरोबर आणलेला गुंडाळीचा निळा पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) पाइप.

अर्धा इंची गनला (नटवर बसणारी गोटी, म्हणजे सॉकेट, जिला लावतात तो चौकोनी दांडा अर्धा इंचाचा) ९० पीएसआय, म्हणजे ६.२ बार दाबाची हवा लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे ९० कुठे मोजायचे? टाकीच्या गेजवर नाही. ट्रिगर दाबलेला असताना, गनमध्ये हवा शिरते त्या तोंडाशी. हवा थांबलेली असेल तर पाइप कितीही बारीक असला तरी दोन्ही टोकांना दाब सारखाच दिसतो. ट्रिगर दाबला, हवा धावायला लागली की खरा प्रकार कळतो. बारीक पाइप आणि घासलेला कपलर (पाइप जोडायचा खटक्याचा जोड) मिळून तीस-चाळीस पीएसआय सहज खातात. गनच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा गेज लावा, ट्रिगर दाबा आणि काटा किती खाली येतो ते बघा. माझ्या मते नव्या गनच्या पैशांआधी या गेजवर खर्च करावा.

पाइप घेताना आणखी एक फसगत होते. पीयू पाइपवरचं '१० मिमी' हे बाहेरचं माप असतं. आतली वाट जेमतेम साडेसहा मिमी. अर्धा इंची गनला आतून १० मिमी, म्हणजे तीन अष्टमांश इंची रबरी पाइप हवा. ट्रकवाल्या एक इंची गनला तर आतून १९ मिमीचा घ्या. कपलरचंही तेच, बाहेरून जाड दिसला तरी आतलं भोक बघून घ्या. आणि क्विक कपलर थेट गनला लावू नका. गनच्या धक्क्यांनी तो महिन्यात ढिला होतो. मध्ये हात-दीड हाताचा रबरी तुकडा ठेवा. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे धागे आत जाऊन गनच्या मोटरच्या पात्यांत बसतात.

कॉम्प्रेसरचा हिशेबही एकदा करून बघा. २०० लिटरची टाकी १५० पीएसआयवरून ९० वर येईपर्यंत साधारण ८०० लिटर हवा देते. अर्धा इंची गन दाबून धरली तर मिनिटाला साडेपाचशे-सहाशे लिटर खाते. म्हणजे ही साठलेली हवा जेमतेम दीड मिनिट पुरते. नट काढायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणून दुकान चालतं. पण गंजलेल्या नटवर सलग अर्धं मिनिट गन धरली की पुढच्या नटांना उरलीसुरली हवा मिळते.

आता यातून जे घडतं, ती खरी चूक. गन ओढत नाही म्हणून कारागीर रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारी चावी) फिरवतो, १२०, १४० पीएसआय. टाकी भरलेली असते तेव्हा पहिले दोन नट राक्षसी ताकदीने आवळले जातात. टाकी उतरते तसे पुढचे दोन जेमतेम बसतात. एकाच चाकावर एक नट असा की रस्त्यात पंक्चर झालं तर मालकाच्या हातपान्याने हलणार नाही, आणि दुसरा ढिला. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटला ८५ ते १२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, पुरतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. साधी अर्धा इंची गन पाचशेच्या वर सहज जाते. मग स्टड (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) ताणतो, आटे जातात, अलॉय चाकातली नटची बैठक चेपते. कधी ब्रेकची डिस्क किंचित वाकडी बसते आणि गिऱ्हाईक आठवड्याने परत येतं, ब्रेक दाबला की पेडल थरथरतं म्हणून.

गनवरचा १-२-३ चा खटका म्हणजे टॉर्कचं माप नव्हे. तो फक्त हवा कमी-जास्त करतो. पद्धत सोपी आहे. नट दोन-तीन आटे हाताने चढवा. हाताला अडकला तर तो तिरका बसलाय, गनने रेटू नका. मग खटका १ वर ठेवून, समोरासमोरचे नट घेत, बैठकीला लागेपर्यंतच गन. गाडी खाली टेकवली की शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे टॉर्क मोजून आवळणाऱ्या पान्याने. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा परत तपासा. आमच्याकडच्या नव्या मुलाला हे वेळखाऊ वाटायचं. एकदा त्यानेच आवळलेला नट त्यालाच हाताने सोडवायला लावला. दोन पाय टॉमीवर (पान्याच्या लांब दांड्यावर) ठेवून उभा राहिला तरी नट जागचा हलला नाही. तेव्हापासून टॉर्क पाना स्वतःहून आणतो.

काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. तिथे 'काढायला' लावलेली गन नट आणखी आवळते आणि माणूस हवा वाढवत बसतो. स्टडच्या टोकावरची खूण आधी बघा.

गोटीत काटकसर नको. चकचकीत क्रोमची गोटी हातपान्यासाठी असते. ती कडक असते, गनच्या ठोक्यांनी तडकते आणि तुकडा सरळ चेहऱ्याकडे येतो. गनला काळी, जाड भिंतीची, सहा कोनी, क्रोम-मॉलिब्डेनमची इम्पॅक्ट गोटीच. मोठ्या गोटीला पिन आणि वरून रबरी रिंग लावा, खिळा किंवा तार नाही. गोटी बदलताना आधी कपलर काढा, मग ट्रिगर दाबून आत अडकलेली हवा सोडा.

चष्मा घाला. कानही झाका: गनचा आवाज बऱ्याचदा शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांची मर्यादा ९० आहे. सैल हातमोजे, गळ्यातला गमछा गोटीजवळ नको. संध्याकाळी हवेने कपडे झटकायची सवय मात्र सगळ्यांनाच असते. ती मोडा. कातडीतून किंवा जखमेतून हवा रक्तात गेली तर जिवावर बेततं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण कोकणात निम्म्या गना पाण्यानेच मरतात. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा असला तर एक घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम पाणी असतं. हवा दाबून थंड झाली की त्यातलं बहुतेक टाकीत उतरतं. तीन एचपीचा कॉम्प्रेसर दिवसात तीन-चार तास चालला तर लिटरभर पाणी सहज निघतं. टाकीचा खालचा कॉक रोज संध्याकाळी उघडा. लाइनवर फिल्टर लावा आणि खाली येणारी प्रत्येक फांदी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढा, म्हणजे पाणी गनकडे उतरणार नाही. आत गंजलेली टाकी हा तर बॉम्बच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट, १९४८ चं कलम ३१ दाबाच्या यंत्रणेबद्दल होतं. रस्त्याकडेच्या टपरीला ते कुणी विचारत नव्हतं, पण सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो उडतो का, एवढं तरी आपणच बघायचं.

तेल रोज सकाळी, हवेच्या तोंडातून चार-पाच थेंब. हलकं एअर टूल ऑइलच. २० डब्ल्यू ४० इंजिन ऑइल टाकलं की पाती खाचेत चिकटतात आणि सकाळी पहिल्यांदा गन नुसती फुसफुसते.

गेजवर चालू हवेत ९० मिळतायत, तरी गन ढिली असेल, तेव्हाच ती उघडायची. दोन्ही दिशांना सारखीच मंद असेल तर पाती चिकटलीत किंवा झिजलीत. एकाच दिशेला मंद असेल तर दोष रिव्हर्सच्या व्हॉल्व्हमध्ये. जोरात फिरते पण ठोके देत नाही, म्हणजे आतल्या ठोके देणाऱ्या हॅमरचं ग्रीस सुकलंय किंवा हॅमर घासलाय. ट्रिगर सोडल्यावरही हवा गळत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा, बहुतेक वेळा तोच टेफ्लॉनचा धागा.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती घाईत वाचायची नाही. ट्रकच्या लॉकरिंगवाल्या, म्हणजे टायर धरायला वेगळी लोखंडी रिंग अडकवलेल्या, सुट्या भागांच्या रिमचं चाक असेल तर नटला गन लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण रिकामा करा. जोडचाक असेल तर दोन्ही टायर. त्यात शंभर पीएसआयच्या वर हवा असते, आणि रिमला आतून तडा गेला असेल तर तो सगळा दाब केवळ नटांच्या पकडीवर थांबलेला असतो. नट सुटला की रिंग उडते. पिन काढल्यावर व्हॉल्व्हमधून एक तार आत घालून बघा, कचऱ्याने भोक बंद होऊन हवा आतच राहिलेली असू शकते.