चित्रकलेच्या तासाला या चुका टाळा

पहिलीच्या वर्गात फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठाला झोपडी काढायची आणि सांगायचं, "आता असंच काढा." मुलं काढतात, आणि मग वर्षानुवर्षं तेच काढत राहतात. सातवीतल्या मुलाला "तुझ्या गल्लीचं चित्र काढ" म्हटलं, तरी त्याच्या कागदावर आधी डोंगर येतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की लहान वर्गांत फळ्यावर नमुना काढणं मी पूर्ण बंद केलं. त्याऐवजी गप्पा मारते. आज डब्यात काय आणलंय? शाळेत येताना वाटेत कोण दिसलं? पाच मिनिटं बोलून झाल्यावर कागद दिला, की तीस मुलांची तीस वेगळी चित्रं येतात.

बालवाडीतलं मूल माणूस काढतं तेव्हा डोक्यालाच हातपाय फुटलेले असतात. पहिली-दुसरीत आकाश म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी, आणि भिंतीतून घरातली आजीही दिसते. या वयात असंच दिसायला हवं. ते खोडरबराने दुरुस्त करू नका, आणि प्रदर्शनासाठी स्वतःचा ब्रश तर त्यावर मुळीच फिरवू नका.

उलटी चूक मोठ्या वर्गांत होते. नऊ-दहा वर्षांचं मूल स्वतःच म्हणायला लागतं, "बाई, मला जमत नाही." त्याला चित्र खरं दिसायला हवं असतं आणि हात साथ देत नाही. नेमकं तेव्हाच आपण "काढा काहीही मनाने" म्हणून वह्या तपासत बसतो. इथे शिकवायला हवं. तांब्या काढताना जवळपास सगळी मुलं तोंड लंबगोल आणि बूड सपाट रेघेचं काढतात. तांब्या टेबलावर ठेवून नुसतं समजावू नका. हातात धरून हळूहळू मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर न्या. तोंडाचा लंबगोल चपटा होत होत एक रेघ उरते. खाली आणला की पुन्हा उघडतो. मग तळाची कड वाकडी का दिसते, हे मुलं आपणहून सांगतात. पुढे एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेतल्या वस्तुचित्राला हेच निरीक्षण कामी येतं.

मातकामाच्या तक्रारी सगळ्यात जास्त. शनिवारी शाडूचा हत्ती धड असतो, सोमवारी सोंड बाजूला पडलेली. नुसतं पाणी लावून चिकटवलेला सांधा वाळताना सुटतोच. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढा, दह्याइतकी पातळ केलेली शाडू मध्ये भरा, दाबून बसवा आणि सांध्यावरून बोट फिरवून तो बुजवा. पोट मुठीएवढं भरीव असेल तर खालून चमच्याने कोरून पोकळ करा. आणि वाळवायला उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका. बाहेरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, म्हणून तडा जातो. सावलीत, वर ओलसर फडकं टाकून हळूहळू वाळू द्या. दुसरीपर्यंतच्या मुलांना जोडकाम देऊच नका. एकाच गोळ्यातून चिमटीने सोंड ओढायला सांगा. तो हत्ती बुटका होतो, पण टिकतो.

रंगकामात बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो. साध्या चित्रकलेच्या वहीत जलरंग दिले की पान फुगतं, घासलं की सोलतं. वहीत तेलखडू वापरा, जलरंगासाठी जाडसर कार्ट्रिज कागद घ्या. रंग मळकट होत असतील तर पाण्याचे दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरा स्वच्छ पाण्याचा. शिवाय प्रत्येकाजवळ एक चिंधी हवीच. लहानांच्या हातात बारीक ब्रश नको, जाड चपटा द्या, नाहीतर भेंडी कापून ठसेकाम घ्या.

वारली चित्र हल्ली पहिलीपासून सगळ्यांना दिलं जातं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून बारीक हातपाय जोडणं सहा वर्षांच्या बोटांना जड जातं, मग वैतागून नाक-डोळे काढून स्केचपेनने रंगवलं जातं. चौथीनंतर घ्या. गेरू फासलेला कागद, पांढरा रंग, आणि ब्रश नसेल तर टोक ठेचलेली बांबूची काडी. आणि आकृत्या काढण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना तारप्याभोवती, म्हणजे वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती, फेर धरायला लावा. पाय कुठे वाकतात, हे नाचल्यावरच कागदावर उतरतं.