परदेशातल्या शाळेत पहिल्यांदाच भाषा शिकवताय? या चुका टाळा

परदेशातल्या माध्यमिक शाळेत पहिल्यांदा भाषा शिकवायला गेलेल्यांची पहिल्या पंधरवड्यातली तक्रार ठरलेली असते: मुलं तोंडच उघडत नाहीत. मग कारणंही ठरलेलीच. मुलं लाजरी आहेत, पाया कच्चा आहे, आधीच्यांनी काही शिकवलंच नाही. माझ्या मते बहुतेक वेळा खरं कारण फळ्यापाशी उभं असतं. शिक्षकच फार बोलतो.

यात नवल नाही. आपल्याला ती भाषा सहज येते, समोर तीस चेहरे गप्प बसलेले असतात आणि शांतता खायला उठते. म्हणून आपण प्रश्न विचारतो, तोच लगेच दुसऱ्या शब्दांत विचारतो आणि शेवटी अर्धं उत्तरही देऊन टाकतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात असं दिसलं. हेच थांबणं ३ सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्न कळायला हवा, मग उत्तर सुचायला हवं, मग शब्द सापडायला हवेत. त्यातून वय तेरा-चौदा, म्हणजे चुकलो तर मागचा बाक हसेल का, याचाही हिशोब करायचा असतो. तेव्हा मनात पाचपर्यंत मोजा. तरीही कोणी बोललं नाही, तर उत्तर आधी शेजाऱ्याला सांगू द्या. शेजाऱ्यापाशी चुकायला कोणी घाबरत नाही.

सूचना देतानाही हेच होतं. ‘आता आपण एक छोटीशी गंमत करणार आहोत, तर मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तिथून पुढे शेजाऱ्याशी बोलून जरा लिहून काढा बरं.’ हे वाक्य मराठीतसुद्धा दोनदा वाचावं लागतं. नवशिक्या मुलाच्या कानावर ते परक्या भाषेत पडलं, तर त्यातला एखादाच शब्द हाती लागतो. त्याऐवजी ‘वही काढा’ म्हणा आणि वह्या निघेपर्यंत थांबा. मग ‘पान १२’. मग एका मुलाला पुढे बोलावून काय करायचं ते करून दाखवा. कागद वाटायचे असतील तर सूचना संपल्यावरच. हातात कागद पडला की तुमच्याकडे कोणी बघत नाही.

आणि ‘समजलं का?’ विचारूच नका. सगळे हो म्हणतात. (बल्गेरियात तर ‘हो’ म्हणताना मान आडवी हलते, तिथे आणखी वेगळीच गंमत होते.) ‘किती मिनिटं? एकट्याने की जोडीने? बोलायचं की लिहायचं?’ असं विचारलंत, की कोणाला कळलेलं नाही ते लगेच दिसतं.

पुस्तकावरच्या पातळीवर विसंबणं

भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपीय भाषा-चौकटीच्या ए१ (नवशिका) ते सी२ (निष्णात) या पायऱ्या २००१मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि आज कित्येक पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या असतात. पुस्तकावर बी१ लिहिलंय म्हणून वर्ग बी१चा होत नाही. एकाच बाकावर घरी ती भाषा बोलणारं मूल आणि अजून अक्षरं लावणारं मूल बसलेलं असू शकतं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांकडून दहा ओळी लिहून घ्या, गुण न देता.

आपली जागा न ओळखणं

अनेकजण शिक्षक म्हणून नव्हे, साहाय्यक म्हणून जातात. परदेशी तरुणांना शाळांत बोलावणाऱ्या, १९८७मध्ये सुरू झालेल्या जपानच्या जेट या सरकारी कार्यक्रमात साहाय्यक स्थानिक शिक्षकाच्या जोडीने शिकवतो. फ्रान्समध्ये भाषा-साहाय्यकाचे आठवड्याला १२ तास असतात. इथे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे मुलांसमोर स्थानिक शिक्षकाचा उच्चार सुधारणं. हे एकदा केलंत तरी वर्षभर भोवतं. दुसरं टोक म्हणजे बोलता टेपरेकॉर्डर होणं: सांगितलं की धडा वाचायचा, मग कोपऱ्यात उभं राहायचं. भांडून काही मिळत नाही. तासातली दहा मिनिटं मागून घ्या, त्यात काय करणार ते आदल्या दिवशी एका कागदावर लिहून द्या. आणि गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागा. जपानमध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षात मुलांपुढे वरच्या शाळेची प्रवेश परीक्षा असते, त्यामुळे नुसता खेळ त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. परीक्षेतलीच वाक्यरचना खेळात घाला, स्थानिक शिक्षकही खूश होतो.

गुण देताना

जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सर्वात वाईट. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये बरोबर उलटं. फ्रान्समध्ये २०पैकी गुण देतात, पण १४ मिळाले तरी मूल समाधानी असतं. तुम्ही सढळ हाताने १९ वाटलेत तर सहकारी भुवया उंचावतील. दक्षिण कोरियात मुलांची नावं लाल शाईने लिहू नका, तिथे ते मृत्यूशी जोडलेलं आहे. पहिला गठ्ठा तपासण्याआधी एखाद्या सहकाऱ्याने तपासलेल्या दोन-तीन वह्या बघून घ्या.

बाकीचं थोडक्यात. मोबाइलवरची प्रश्नमंजूषा तयार करून जाल आणि शाळेत मोबाइलच चालत नसेल. फ्रान्सने २०१८च्या कायद्याने ‘कोलेज’पर्यंत, म्हणजे तिथल्या कनिष्ठ माध्यमिक शाळेतल्या साधारण पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत, मोबाइल वापरायला बंदी घातली. विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवर मित्रयादीत घेऊ नका, ते तुमच्याहून सात-आठ वर्षांनीच लहान असले तरी. पदवी प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका, अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या सरकारी शिक्क्याच्या वेळी तेच आडवं येतं. आणि पहिला पगार हातात येईपर्यंत दीड महिना निघेल एवढे पैसे जवळ ठेवा.

तास पार कोसळला तर?

कोसळतोच एखादा. गोंगाटावर ओरडून मात करायला जाऊ नका, पोरांना त्यात मजा वाटते. बोलणं थांबवा आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत तीन पायऱ्या लिहा: १. वही. २. पाच वाक्यं. ३. शेजाऱ्याला वाचून दाखवा. मग फळ्याकडे बोट दाखवून गप्प उभे राहा. मुलाला वर्गाबाहेर काढणं बऱ्याच शाळांत चालत नाही, म्हणून शिक्षा कोण करतं आणि कशी, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. दुसऱ्या दिवशी जागा बदलून बसवा, आणि तास भाषणाने नाही, चार मिनिटांच्या लेखी कामाने सुरू करा. काल काय झालं ते मुलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरलेली असतात. रात्रभर तळमळत असतो तो शिक्षकच.