आरोग्य मंडळाची घटना दुरुस्त करायला बसणाऱ्यांसाठी

समाजकार्याची (एमएसडब्ल्यू) किंवा सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन तुम्ही एखाद्या स्थानिक आरोग्य मंडळात समन्वयक म्हणून लागलात, की कधी ना कधी ‘घटना व नियमावली’ असं लिहिलेली एक फाईल तुमच्याकडे येते. ‘जुनी झालीय, जरा नीट करून घ्या,’ एवढंच सांगितलेलं असतं. काम टायपिंगचं वाटतं, पण तसं ते नाही. वस्तीतल्या आरोग्याचा पैसा कोण, कधी आणि कोणाला विचारून खर्च करणार, हे याच फाईलमधून ठरतं. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या अशा एका मंडळाची नियमावली बदलण्याच्या कामात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत होते. त्यातून जे हाती लागलं ते नव्या मुलामुलींसाठी लिहिते आहे.

आमच्या मंडळात महापालिकेचे वॉर्डाचे आरोग्य अधिकारी, एका धर्मादाय रुग्णालयाचे प्रतिनिधी, दोन-तीन संस्था, खासगी दवाखाने चालवणारे डॉक्टर आणि महिला आरोग्य समित्यांच्या बायका असे सगळे होते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आलं, तेव्हापासून वस्तीत ५० ते १०० कुटुंबांमागे अशी एक महिला समिती असावी अशी रचना आहे. मंडळ मात्र संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेलं. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, त्यामुळे तिचा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी कायमचा संबंध असतो.

माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला हा, की घटना उघडण्याआधी मागच्या चार-पाच वर्षांची इतिवृत्तं, म्हणजे सभांच्या नोंदी, वाचा. घटनेत काय असावं ते लिहिलेलं असतं, काम कुठे अडलं ते इतिवृत्तात सापडतं. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’, ‘विषय पुढील सभेत घ्यावा’, ‘आयत्या वेळच्या विषयात मंजूर’ या तीन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारत जा. रेघा जिथे दाटतात, तिथलं कलम बदलायचं आहे असं समजा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त रेघा गणपूर्तीखाली, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीखाली, पडल्या. त्याचं कारण सदस्यांचा आळस हे नव्हतं. जुन्या नियमावलीतली बरीच कलमं रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या, नमुन्यावरून उचललेली होती. ती कल्पना १९९४ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातून निघाली आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर गेली. नमुना चांगला, पण बेतलेला जिल्ह्याच्या रचनेवर. त्यामुळे आमच्या पदांच्या यादीत ‘जिल्हा परिषदेचा प्रतिनिधी’ असंही एक पद होतं. मुंबईत जिल्हा परिषदच नाही! ते पद कधीच भरलं जाणार नव्हतं, पण गणपूर्ती मोजताना ते धरलं जात होतं.

त्यात नगरसेवकांची भर पडली. यादीत स्थानिक नगरसेवक पदसिद्ध सदस्य होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि पुढे कित्येक वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. समजा, मंडळाची पदं १५ आहेत आणि गणपूर्ती निम्म्याहून अधिक, म्हणजे ८. तीन नगरसेवक आणि तो एक जिल्हा परिषदवाला गेला की उरतात ११, आणि त्यातले ८ प्रत्येक वेळी हजर हवेत. एक डॉक्टर ओपीडीत अडकले, दोन बायका पाणी येण्याच्या वेळेमुळे आल्या नाहीत, आणखी एकाची लोकल चुकली, की सभा बारगळली. म्हणून नव्या नियमात आम्ही लिहिलं, की गणपूर्ती त्या तारखेला प्रत्यक्ष भरलेल्या पदांवर मोजावी. पण तेवढ्यावर थांबू नका. हजर असलेल्यांत वस्तीच्या किमान दोन प्रतिनिधी हव्यात, ही अट त्याला जोडूनच घाला. नाहीतर अधिकारी आणि डॉक्टर मिळूनच सभा पूर्ण होते.

आणखी एक कलम बहुतेक जुन्या घटनांत असतं आणि कोणी त्याकडे लक्ष देत नाही. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरवावी, तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. रोजच्या कामासाठी ही सोय रास्त आहे. पण घटनादुरुस्ती, मोठी खरेदी, एखाद्या संस्थेशी करार, सदस्य काढून टाकणं, या विषयांना ती लागू नाही असं स्पष्ट लिहून घ्या. या कलमाच्या आधाराने अर्ध्या तासानंतर चार माणसं वर्षभराचा निधी वाटू शकतात. मला हे कलम सगळ्यात धोक्याचं वाटतं.

मग पावसाळा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) मोठी साथ आली होती. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. आता आमच्या नियमावलीत साध्या सभेला सात दिवसांची नोटीस आणि कितीही छोट्या खर्चाला सभेची मंजुरी. औषधाला ७२ तास आणि सभेला सात दिवस, या दोन गोष्टींचा मेळ बसणार कसा? म्हणून तातडीचं कलम हवंच. अध्यक्ष, सदस्य-सचिव आणि वस्तीची एक प्रतिनिधी या तिघांनी लेखी सही करून ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करावा आणि पुढच्या सभेत कार्योत्तर मंजुरी घ्यावी. तिसरी सही वस्तीचीच हवी, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. ‘एवढ्या घाईत बाईंना कुठे शोधायचं?’ असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. पाणी कोणत्या गल्लीत कंबरेपर्यंत आलं होतं ते त्याच सांगू शकतात, हे उत्तर आरोग्य अधिकाऱ्यांनीच दिलं आणि कलम मंजूर झालं.

हितसंबंधांचं कलम लिहिताना माणसं दुखावतात, त्यासाठी तयारी ठेवा. मंडळावर असलेल्या डॉक्टरांची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब असेल आणि रक्ततपासणीचं काम कोणाला द्यायचं हा विषय असेल, तर त्यांनी ते आधी जाहीर करावं आणि चर्चेच्या वेळी बाहेर बसावं. कोणावर संशय म्हणून हे लिहीत नाही, त्या डॉक्टरांवर उद्या बोट उठू नये म्हणून लिहितो, असं समोर बसून शांतपणे सांगितलं की बहुतेकांना पटतं. वर्षातून एकदा सगळ्यांनी, अध्यक्षांनीसुद्धा, एक पानाचं निवेदन भरून द्यायचं असा नियम केला की ते कोणा एकाला लागत नाही.

धर्मादाय रुग्णालय भागीदार असेल तर एक गोष्ट जरूर घाला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१एए खालच्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. त्या खाटांची स्थिती रुग्णालयाच्या प्रतिनिधीने प्रत्येक सभेत मांडावी, हा विषयपत्रिकेतला कायमचा विषय करा. खाट आहे की नाही हे विचारत नातेवाइकांनी इकडून तिकडे फिरण्यापेक्षा वस्तीतल्या बाईच्या हातात तो आकडा असलेला बरा.

बायका सभेत बोलत नाहीत ही तक्रार तुम्हाला ऐकू येईल. सभा दुपारी बाराला, वॉर्ड ऑफिसात, विषयपत्रिका इंग्रजीत, रिक्षाचं भाडं स्वतःचं. मग काय बोलणार? सभेची वेळ, जागा, प्रवासभत्ता आणि विषयपत्रिकेची भाषा हे सगळं नियमावलीत येऊ शकतं, आणि यायला हवं. आमच्या भागात हिंदी-उर्दू बोलणारी वस्ती मोठी, म्हणून मसुदा मराठीत वाटला आणि वस्तीत बसून कलमवार हिंदीत वाचून दाखवला. सगळ्यात उपयोगी दुरुस्त्या त्या बैठकांतून आल्या. इतिवृत्त पंधरा दिवसांत सगळ्यांना मिळावं, ही सूचना एका आरोग्य सेविकेची.

आता कायद्याची बाजू, थोडक्यात. उद्देश बदलताय की नियम, हे आधी वेगळं करा. उद्देशांत बदल असेल तर १८६० च्या अधिनियमाचं कलम १२ लागतं. लेखी किंवा छापील प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोचायला हवा, तीन पंचमांश सभासदांचा पाठिंबा हवा, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तिथे हजर असलेल्यांपैकी तीन पंचमांशांनी तो कायम करायला हवा. नियमांच्या बदलासाठी तुमच्या घटनेतच प्रक्रिया दिलेली असते, ती अक्षरशः पाळा. नोटीस पोचल्याच्या सह्या, पोस्टाच्या पावत्या, हजेरीपट, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह ठराव, सगळं एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप दिला म्हणजे नोटीस दिली असं समजू नका, जोवर घटनेत तसं लिहिलेलं नाही.

परिशिष्ट १ मधल्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या, संस्थेच्या नोंदीत फरक पडत असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज करावा लागतो. मुंबईसाठी वरळीचं धर्मादाय आयुक्त कार्यालय. मुदत बदल झाल्यापासून मोजतात, म्हणून ठराव झाला की लगेच वकिलाकडे कागद द्या. जुनी आणि नवी कलमं शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता सोबत जोडा, तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. अर्जावर आदेश व्हायला वेळ लागू शकतो. तोवर बँकेतल्या सह्या कोणाच्या राहतील हे त्याच विशेष सभेत वेगळ्या ठरावाने ठरवून घ्या, आणि आदेश झाला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका, कारण बँक तीच मागते.