सर्व्हेअरचं लायसन्स काढताय? आधी खात्याचा रकाना बघा

इन्शुरन्स सर्व्हेअर, म्हणजे विम्याच्या क्लेममध्ये नुकसान किती झालं ते मोजून अहवाल देणारा माणूस, व्हायचं म्हणून जी मुलं भेटायला येतात त्यांना पायऱ्या पाठ असतात. आयआयआयएसएलए या सर्व्हेअरांच्या संस्थेचं विद्यार्थी सदस्यत्व, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या पोर्टलवर प्रशिक्षणार्थी म्हणून नोंदणी, लायसन्सधारक सर्व्हेअरच्या हाताखाली 12 महिने, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, मग लायसन्सचा अर्ज. क्रम बरोबर आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. सर्व्हेअरांसाठीचे 2015 चे नियम आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या आयआरडीएआयच्या साइटवर आहेत, त्या मुळातून वाचा. कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलेला 'सारांश' वाचून फॉर्म भरू नका.

मला बोलायचंय ते एका रकान्याबद्दल. नोंदणी करताना तुम्हाला खातं विचारतात, म्हणजे विम्याच्या कुठल्या प्रकारात काम करणार ते. फायर, मरीन कार्गो (वाहतुकीतला माल), मरीन हल (खुद्द जहाज), इंजिनिअरिंग, मोटर, मिसलेनियस, लॉस ऑफ प्रॉफिट (धंदा थांबल्याने बुडालेला नफा), क्रॉप. सर्व्हेअरचं लायसन्स ही एक सरसकट परवानगी नसते. ज्या खात्यांची नावं त्यावर छापलेली असतात तेवढंच काम तुमचं. बाकीच्या खात्यातला क्लेम कंपनीने चुकून तुमच्याकडे पाठवला तरी तो परत करायचा, कारण लायसन्स नसलेल्या खात्याचं काम न घेणं हे आचारसंहितेतच लिहिलंय.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. नोंदणीच्या दिवशी सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकणार होते ते सर्व्हेअर, म्हणाले, "अगं, मोटर लिही. गाड्या रोज आपटतात, काम कधी थांबत नाही." ऑफिसातल्या मुलाने फॉर्म भरला, मोटर लिहिलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गाड्या खरंच रोज आपटतात. पण पूर्ण चित्र तेवढंच नव्हतं, आणि ते मला कुणी सांगितलं नाही.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि विमा कंपन्यांकडे क्लेमचा ढीग लागला. माझ्या सरांकडे मोटरबरोबर फायरचंही लायसन्स होतं, त्यामुळे त्यांना दुकानांची कामं आली आणि मदतनीस म्हणून मी बरोबर. फुगलेलं प्लायवूड, चिखलात बसलेली तांदळाची पोती, औषधांच्या दुकानातले लगदा झालेले खोके, सगळं मोजलं. "ताई, तुम्ही विम्यावाल्या का? आधी आमच्याकडे या," असं दर चार पावलांवर कुणीतरी म्हणायचं. गॅरेजमध्ये मला ओलांडून सरांशी बोलणारे लोक भेटायचे. इथे उलट होतं, माणसं माझ्या हातातल्या पॅडकडे बघून उत्तरं देत होती. या धंद्यात मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या गल्ल्यांमध्ये शिकले.

आणि नोंदणीच्या दृष्टीने त्यातलं काहीच धरलं गेलं नाही.

का, ते नीट समजून घ्या, मी हे प्रत्येकाला दोनदा सांगते. दुकानात शिरलेलं पुराचं पाणी हे 'फायर' खातं आहे. नवीन माणसाला वाटतं, फायर म्हणजे आग, पाणी म्हणजे मिसलेनियस असेल. तसं नाही. दुकान, गोडाऊन, कारखाना, त्यातला माल यांची जी मूळ मालमत्तेची पॉलिसी असते ती फायरची, आणि वादळ, पूर, जलमय होणं हे धोके त्याच पॉलिसीच्या पोटात येतात. बाहेर उभी असलेली त्याच दुकानदाराची बुडालेली स्कूटर मात्र मोटर. मी नोंदणीकृत प्रशिक्षणार्थी होते ती मोटरची. म्हणजे त्या दुकानापुढच्या स्कूटरबद्दल मी शिकाऊ होते आणि दुकानाबद्दल नुसती पॅड धरणारी. नंतर खातं वाढवता येतं, दार बंद होत नाही. पण त्या खात्याची परीक्षा, त्या खात्याचं प्रशिक्षण, पुन्हा कागद, पुन्हा वाट बघणं. चिपळूणचा अनुभव मागच्या तारखेने कुणी मोजून देत नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी जुळवून बघा. तुमची पदवी कुठल्या कुठल्या खात्याला चालते याचा तक्ता नियमांतच दिलेला आहे. लॉस ऑफ प्रॉफिटला हिशेबातली माणसं लागतात, सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट. हलला जहाजावरची. इंजिनिअरला बऱ्यापैकी दारं उघडी असतात. दुसरी गोष्ट, ज्यांच्या हाताखाली जाताय त्यांच्या लायसन्सवर कुठली खाती आहेत आणि त्यांतलं प्रत्यक्ष काम कुठलं येतं. लायसन्सवर इंजिनिअरिंग छापलेलं आहे पण वर्षभरात बॉयलर बघितलेला नाही, असे लोक पुष्कळ आहेत. 'लायसन्स दाखवा' म्हणायला लाजू नका. लायसन्सची प्रत मागणं हा उद्धटपणा नाही.

नुसतं मोटर का पुरत नाही? कारण मोटरचं छोटं काम आता सर्व्हेअरकडे राहिलेलं नाही. मोटरमध्ये 50,000 रुपयांपासून पुढच्या आणि बाकी खात्यांत एक लाखापासून पुढच्या क्लेमला लायसन्सधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. त्याखालचं कंपनी आपल्या माणसांकडून, मोबाइलवरच्या व्हिडिओवरून निपटवते. बंपर, हेडलाइट, एक दरवाजा, हे सगळं त्यातच गेलं. पूर्वी नवीन सर्व्हेअर याच कामावर पहिली दोन-तीन वर्षं तरून जायचा. आजही काही ज्येष्ठ मंडळी त्याच काळातला सल्ला देतात.

घाबरू नका पण. मोटर वाईट खातं नाही. मोठे अपघात, ट्रक, टोटल लॉस, यात डोकं लागतं आणि फी बरी मिळते. फक्त तेवढ्यावरच सगळा डाव लावू नका.

आता शॉर्टकट. प्रशिक्षण झालं अशी सर्व्हेअरची 'सही' विकत मिळते. वर्षभर ऑफिसला यायचं नाही, ठरलेली रक्कम द्यायची, प्रशिक्षणाचे कागद भरून मिळतात. मला स्पष्ट बोलू दे, हे करू नका. नीतिमत्ता बाजूला ठेवा, नुसता हिशेब बघा. लायसन्स मिळाल्यावर पहिला मालाचा क्लेम हातात येईल. दुकानदार म्हणेल आठ लाखांचा माल गेला. पुरात वह्या गेल्या, कॉम्प्युटर गेला. तुम्ही काय करणार?

जे करायचं ते असं. जीएसटीची विवरणपत्रं पोर्टलवर असतात, ती पाण्यात जात नाहीत. घाऊक व्यापाऱ्याकडे त्याच्या नावचं खातं असतं. बँकेकडे दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट असतं. सुरुवातीचा माल, अधिक खरेदी, वजा विक्रीची मूळ किंमत, असं करत घटनेच्या दिवशी दुकानात किती माल असायला हवा होता तिथे पोचायचं. आणि इथे गंमत होते. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढावी म्हणून दुकानदाराने बँकेला 40 लाखांचा माल दाखवलेला असतो, विमा मात्र 25 लाखांचा. 40 हाच आकडा खरा निघाला तर विमा मालापेक्षा कमी ठरतो आणि आठ लाखांच्या नुकसानीचे 25 भागिले 40 या हिशेबाने पाचच लाख होतात, आणि तेही सॅल्व्हेज (खराब मालाची उरलेली किंमत) आणि एक्सेस (विमाधारकाने स्वतः सोसायचा वाटा) वजा करण्याआधी. आकडा बँकेसाठी फुगवलेला असेल तर ते त्याला स्वतःच्याच कागदाविरुद्ध सिद्ध करावं लागतं. एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली, तिच्यात विम्याच्या रकमेतली 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढे नाही. चिपळूणला एका दुकानाची पॉलिसी या नव्या मसुद्याची आणि शेजारच्याची जुन्या, असंही असायचं. मसुदा न वाचता आकडेमोड केली की अहवाल तिथेच फसला.

हे सही विकणारा शिकवणार नाही. आणि पुढे ग्राहक आयोगात वकील तुमचा अहवाल हातात धरून एकेक ओळ विचारतो तेव्हा तो तुमच्याशेजारी उभाही राहणार नाही.

गुरूंबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. जो तुम्हाला असेसमेंट शीट, म्हणजे नुकसानीच्या हिशेबाचा कागद, दाखवत नाही त्याच्याकडे थांबू नका. फोटो काढायला पाठवणारे, रीइन्स्पेक्शनला (दुरुस्तीनंतरच्या पाहणीला) पिटाळणारे सर पुष्कळ मिळतात. कुठला भाग किती घसाऱ्याने धरला, सॅल्व्हेजचा भाव कुठून आणला, हे विचारल्यावर "ते नंतर" म्हणणाऱ्याकडे ते 'नंतर' सहसा येत नाही. माझ्या सरांना मी एवढं श्रेय देईन की चिपळूणहून परतताना ते गाडीत मला प्रत्येक दुकानाचा आकडा आधी सांगायला लावायचे आणि मग स्वतःचा सांगायचे. खात्याचा रकाना त्यांनी घाईत भरला, पण शिकवलं मनापासून. दोन्ही खरं आहे. प्रसिद्ध नाव, मोठं ऑफिस यामागे जाऊ नका. तालुक्याच्या गावातला एकटा काम करणारा, चार खाती हाताळणारा सर्व्हेअर मी कधीही निवडेन.

अहवालाचं वजन किती, यावरून नवीन मुलं एकतर फार फुगतात नाहीतर फार खचतात. विमा कायद्याच्या कलम 64 यूएममुळे अहवाल लागतो हे खरं, पण त्याच कलमात कंपनीला वेगळ्या रकमेला क्लेम मिटवण्याचा अधिकारही राखून ठेवलाय. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रदीप कुमार यांच्या प्रकरणात सांगितलं की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही. त्याच वर्षी श्री व्यंकटेश्वर सिंडिकेटच्या निकालात हेही सांगितलं की मनासारखा आकडा येईपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत, कारण द्यावं लागेल. तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्याचा "जरा कमी करता येईल का बघा" असा फोन आला तर आवाज न चढवता म्हणायचं, लेखी द्या. बहुतेक वेळा ते लेखी येत नाही.

वेळेचं मात्र गांभीर्याने घ्या. आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानंतर सर्व्हेअर नेमायला 24 तास आणि अहवालाला 15 दिवस आहेत. कागदांची यादी पहिल्याच भेटीत द्या, तोंडी नको, मेलवर.

अमेरिकेत नातेवाईक असलेले काही जण विचारतात, तिकडे पब्लिक ॲडजस्टर असतो तसं विमाधारकाच्या बाजूने इथे काम करता येईल का? तिकडे राज्यं त्यासाठी वेगळं लायसन्स देतात आणि फीवर मर्यादाही घालतात. फ्लोरिडात साधारण 20 टक्के, आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीच्या क्लेमला पहिल्या वर्षी 10. आपल्याकडे असं लायसन्सच नाही. इथे टक्केवारीवर काम करणारे 'क्लेम कन्सल्टंट' फिरतात, पूर आला की जास्तच. सर्व्हेअर व्हायचं असेल तर त्यांच्या पाट्यांवर तुमचं नाव येऊ देऊ नका. सर्व्हेअर विमाधारकाचा वकील नाही आणि कंपनीचा नोकरही नाही. ज्या मालमत्तेत तुमचा हितसंबंध आहे ते जाहीर करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मामाच्या दुकानाचा क्लेम आला तर तो दुसऱ्याकडे जाऊ द्या, मामा दिवाळीपर्यंत बोलणार नाही एवढंच.

पैशाचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. लायसन्स आलं म्हणजे काम आलं असं नाही. प्रत्येक कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे काम देण्यासाठीच्या सर्व्हेअरांच्या यादीत, येण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. चारही सरकारी कंपन्यांच्या स्थानिक ऑफिसांत स्वतः जा, मेलवर भागत नाही. फी कंपनी तिच्या तक्त्याप्रमाणे देते, टीडीएस कापून, आणि बिल पास व्हायला वेळ जातो. पेट्रोल मात्र आजच भरावं लागतं. पहिली दोन वर्षं घरचा खर्च सुटा ठेवता येईल अशी सोय असेल तरच नोकरी सोडा. जोडधंदा म्हणून विमा एजन्सी घेऊ नका, ती आणि हे काम एकत्र चालत नाही. व्हॅल्युएशन, गॅरेजला सल्ला असलं काही घेतलंत तरी ते गॅरेज तुमच्या क्लेममध्ये येणार नाही याची काळजी घ्या.

कामं सुरुवातीला आडगावची येतात, जिथे जुने सर्व्हेअर जायला कंटाळतात. ती घ्या. गोडाऊन मोजायला मोजपट्टी, टॉर्च आणि जुने बूट गाडीत कायम ठेवा.