संस्थेचा कार्यक्रम करताय? आधी खुर्च्यांचा हिशोब करा

इंदूरमध्ये आमची एक लहानशी संस्था आहे. शाळेची फी भरणं ज्या घरांना जड जातं, त्या घरांतल्या मुलींसाठी आम्ही पैसे उभे करतो आणि त्यासाठी वर्षातून एकदा नाटकाचा प्रयोग लावतो. चौदा वर्षं हे काम माझ्या गळ्यात आहे. ‘आधी उद्दिष्ट ठरवा, मग समिती नेमा’ छापाचं मार्गदर्शन मी भरपूर वाचलंय. उद्दिष्ट ठरलंय, समिती आहे, बँकेत खातं आहे, असं धरून चालतो. नसेल तर कार्यक्रम पुढच्या वर्षी करा.

तारीख

सभागृह ज्या दिवशी मोकळं, तीच आपली तारीख, असं करू नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ निघतात, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते. त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला कोणी गाडी घालत नाही. होळकर स्टेडियमवर सामना असेल तर रेसकोर्स रोडचं नाव काढू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त. मला स्वतःला पितृपक्ष आवडतो. कार्यकारिणीतली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात, मुरडू द्या. लग्नं नसतात, सभागृहं रिकामी असतात आणि घराघरात दानाचा विचार चालू असतो.

एक सावधगिरी. पत्रिकेवर नुसती तिथी छापू नका. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी घरांचा पौर्णिमेला. अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपल्या पंचांगात श्रावण वद्य चतुर्दशी आणि शेजारच्या शर्माजींच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण चतुर्दशी, दिवस एकच. आम्ही एकदा ‘माघ वद्य पंचमी’ मोठ्या अक्षरात आणि तारीख बारीक अक्षरात छापली. शर्माजी म्हणाले, “भाईसाहब, वो तो निकल गई.”

पैसे आणि कागद

सभागृह, ध्वनी, प्रकाश, कलाकारांचं मानधन हा खर्च चार-पाच मोठ्या देणगीदारांकडून आधीच उभा करा, म्हणजे तिकिटाचा रुपया सरळ कामाला लागतो. तिकिटाचे पैसे म्हणजे देणगी नव्हे, त्यावर देणगीची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही. दाराशी बसणाऱ्या पोराला हे पढवून ठेवा, नाहीतर तो सगळ्यांना कबूल करून बसतो. २,००० रुपयांवरची रोख देणगीही सवलतीत बसत नाही, मोठी रक्कम चेकने किंवा बँकेतूनच घ्या. नाटकाला लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन. तिकीट लावून सिनेमाची गाणी गाणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना. उघड्यावर कार्यक्रम असेल तर भोंगा रात्री दहाला बंद.

खुर्च्या

आता खरं काम. पहिल्या वर्षी मी याच पायरीवर आपटलो.

चारशे खुर्च्यांचं सभागृह घेतलं होतं. प्रवेश विनामूल्य, निमंत्रण व्हॉट्सअॅपवर. ३१० जणांनी अंगठे आणि जोडलेले हात पाठवले, मी खूश. पडदा उघडल्यावर विंगेतून डोकी मोजली: ९४. त्यातली वीसेक आमच्याच घरची. पुढच्या दोन रांगांना ‘राखीव’ अशा चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्या होत्या, त्या शेवटपर्यंत तशाच. प्रयोग संपल्यावर त्या काढताना चिकटपट्टीबरोबर रेक्झिनचा पापुद्रा निघून आला आणि त्याचे पैसे अनामतीतून कापले गेले. रिकाम्या खुर्चीचा दंड भरणारा मी एकटाच असेन.

तेव्हापासून फुकट प्रवेश बंद. शंभर रुपये लावा, पन्नास लावा, पण लावा. फुकटचा पास घरात कुठेतरी पडून राहतो. पैसे देऊन घेतलेला पास फ्रिजवर चुंबकाखाली, विजेच्या बिलाशेजारी जातो आणि दुधाचं पातेलं काढताना रोज दिसतो. पैसे भरूनही आमच्याकडे शंभरातले पंधरा येत नाहीत, तेवढं धरून चला.

दुसरं, यादी माणसांची नको, घरांची करा. मोबाईलमधले आठशे नंबर ही यादी नव्हे. शंभर पानी वही घ्या आणि वस्तीप्रमाणे पानं पाडा: राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, नारायणबाग. एका कार्यकर्त्याला बारा घरं, त्याहून एकही जास्त नाही, आणि तीही त्याच्या ओळखीची. ज्या घरात आपण कधी चहा प्यायलेलो नाही, तिथे पास खपवायला जाऊ नये.

दहा दिवस आधी प्रत्यक्ष जा, पास हातात द्या आणि पैसे तिथेच घ्या. ‘नंतर पाठवतो’ला होकार दिलात तर तो पास गेला असं समजा. लोक काय बोलतात ते नीट ऐका. आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, त्यामुळे नकार ओळखता यावा लागतो. “बघू, जमवू” म्हणजे नाही. “प्रयत्न करतो” म्हणजे अजिबात नाही. “अरे वा, नक्की येणार, येणारच” असं म्हणून वेळसुद्धा न विचारणारा माणूस सगळ्यात धोक्याचा, आमचे ३१० अंगठे याच जातीचे होते. “गाडी कुठे लावायची?”, “संपेल कधी?”, “मध्यंतरात चहा आहे का?” असं विचारणारा येतो. वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करा आणि बाकीच्यांना मोजू नका.

तीन दिवस आधी फोन. “येताय ना?” असं विचारू नका, उत्तर “हो” हेच येणार. “कोणाबरोबर येताय?” असं विचारा. मग खरं कळतं. मागे रामबागेतल्या एका काकूंना मी असं विचारलं, तर म्हणाल्या, “अरे, येणार होते रे, पण ह्यांचे गुडघे धरलेत, आणि मुलगा म्हणतो रात्री रिक्षाने येऊ नका.” पास घेतलेला, पैसे दिलेले, इच्छा आहे, पण घरी परतायची सोय नाही म्हणून खुर्ची रिकामी राहणार होती. आपल्या प्रेक्षकांत साठी ओलांडलेले निम्मे. मुलं पुण्याला, बंगळुरूला. मी त्या वर्षी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला: राजेंद्रनगरहून निघून वाटेत थांबत सभागृहापर्यंत आणि प्रयोगानंतर परत घरापर्यंत. सतरा माणसं त्यातून आली. एवढ्या पैशांत कोपऱ्यावर दोन फ्लेक्स लागले असते आणि त्यांनी सतरा सोडा, एक माणूस आणला नसता. फ्लेक्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यावर ज्यांचे फोटो असतात तेवढेच लोक तो वाचतात.

व्हॉट्सअॅप वापरा, पण आठवणीपुरतं. एकच चित्र: दिवस, तारीख, वेळ, जागा, गाडी कुठे लावायची, कार्यक्रम किती वाजता संपेल. संस्थेचा इतिहास त्यात नको. सकाळी सात वाजता पाठवलंत तर ते सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं. रात्री आठनंतर पाठवा.

वर्तमानपत्राकडे टिपण तीन दिवस आधी द्या आणि ते हिंदीत लिहा. ‘नईदुनिया’ १९४७ पासून इथली; तिचे संपादक राहुल बारपुते मराठी होते, पण पेपर हिंदीच. आपल्या घरातही सकाळी हिंदी पेपरच पडतो, हे मान्य करायला काही लोकांना फार जड जातं. आठ ओळी पुरेत, अध्यक्षांची पदं गाळा.

आणि सभागृह आपल्या मापाचं घ्या. रवींद्र नाट्यगृह घ्यायचा मोह प्रत्येक नव्या अध्यक्षाला होतो. तिथे तीनशे माणसं हरवून जातात. तीनशेच माणसं साडेतीनशेच्या सभागृहात बसली की मागून येणाऱ्याला वाटतं, आपण उशीर केला.

त्या दिवशी

पत्रिकेवर साडेसहा असेल तर पडदा साडेसहाला उघडा, समोर चाळीस माणसं असली तरी. दोन वर्षं लोक चिडतात, तिसऱ्या वर्षी सव्वासहाला हजर असतात.

दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक मिळून बारा मिनिटं. मदतीचं आवाहन मध्यंतराच्या जरा आधी, शेवटी नाही. शेवटी सगळे चपला शोधत असतात. तीन मिनिटं बोला आणि एका मुलीला वर्षाला किती खर्च येतो तो आकडा सांगा. मुलींना मंचावर उभं करू नका. आम्ही एकदा केलं. सातवीतली एक मुलगी टाळ्या संपेपर्यंत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, वर बघितलं नाही. पाकिटं त्या दिवशी जाड आली, तरी पुन्हा कधी केलं नाही आणि कोणी सुचवलं तर मी भांडतो.

मध्यंतरात चहा, स्टीलच्या पेल्यांतून. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि या शहरात तर पेला खाली पडला की चारजण वळून बघतात. जेवण ठेवू नका. इंदूरचा माणूस नाटक संपल्यावर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतच जाणार, तुमच्या पुलावाला कोणी विचारत नाही.

नंतर

पावत्या आठवड्याच्या आत घरी पोचवा. देणगीदाराचा पॅन पावती फाडतानाच लिहून घ्या, कारण देणग्यांचं वार्षिक विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यावरूनच त्याला प्रमाणपत्र मिळतं. मे महिन्यात पॅनसाठी दीडशे फोन करून बघा, मग कळेल.

शेवटी वही घेऊन बसा, त्याच रात्री, दमलेले असलात तरी. खुणेप्रमाणे कोण आलं, कोण नाही, ते लिहा. पास घेऊन न आलेल्यांना टोमणे मारू नका. दिवाळीला फराळ द्यायच्या निमित्ताने जा आणि काय झालं ते विचारा. रामबागेतल्या काकूंच्या नावापुढे माझ्या वहीत अजून लिहिलेलं आहे: ‘दोन पास, कडेच्या खुर्च्या, गाडी दारापर्यंत.’