हलकी करवत घेताय? या चुका टाळा

थंडी पडली की गगनबावडा, राधानगरीकडं कुणाच्या तरी शेतावर तंबू ठोकायचे बेत सुरू होतात आणि मला ठरलेला प्रश्न येतो, "दादा, सगळ्यात हलकी फोल्डिंग करवत कुठली?" लाकूड कसलं, किती जाड, ओलं का वाळलेलं, यातलं कुणी काही सांगत नाही. फक्त ग्रॅम विचारतात. आणि हेच गडी मटणासाठी भलंमोठं पातेलं पाठीवर मारून आणतात.

वजनासाठी पातं आखूड घेणं

170 मिलिमीटर पात्याची करवत खिशात मावते, दिसायलाही गोंडस. पण 100 मिलिमीटर जाडीचं लाकूड कापायला घेतलं की हात मागं-पुढं करायला उरतात जेमतेम 70. करवतीचा दात नुसता कापत नाही, त्याला भुसाही चिरेतून बाहेर ओढायचा असतो. हात आखूड चालला की भुसा आतच राहतो, पातं त्यावरच घासत बसतं आणि माणूस जोर लावायला लागतो. तेच पातं 240 मिलिमीटरचं असेल तर हाताला 140 मिळतात, म्हणजे सरळ दुप्पट. वजनातला फरक असतो साधारण शंभर ग्रॅमचा. मी पातं लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट धरतो. चुलीला मनगटाएवढं लाकूड भरपूर झालं, त्याला 210 ते 240 मधलं पातं बास. त्याहून जाड ओंडका फोडायची हौस असेल तर शेतमालकाची कुऱ्हाड मागा.

ओढायची करवत ढकलणं

ही माझी खास डोकेदुखी. हार्डवेअरच्या दुकानातली नेहमीची करवत ढकलताना कापते. त्यामुळं तिचं पातं जाड ठेवावं लागतं, नाहीतर ढकलताना वाकेल. जपानी धाटणीच्या फोल्डिंग करवती उलट्या, ओढताना कापतात. ओढताना पातं ताणलं जातं म्हणून ते पातळ ठेवता येतं, आणि पातळ म्हणूनच ती हलकी. म्हणजे ज्या हलकेपणासाठी पैसे मोजले, तो या ओढण्यातच आहे. पण हे पाकिटावर वाचायला वेळ कुणाला?

गगनबावड्याच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतात आम्ही उतरलो होतो. जांभळाची एक फांदी पावसाळ्यात मोडून पडलेली, दोन्ही टोकं बांधावर टेकलेली, मध्ये पोकळी. एका पोराकडं नवी कोरी महागडी करवत. "भावा, नाद खुळा चालते बघ," म्हणत त्यानं वरून सुरुवात केली. निम्मं कापून होईस्तोवर ठीक होतं. मग फांदी आपल्याच वजनानं मध्ये दबली, चीर वरून मिटली आणि पातं आत धरलं गेलं. मी थांब म्हणेपर्यंत त्यानं दोन्ही हातांनी मूठ धरून पुढं रेटलं. पातं आधी कमानीसारखं वाकलं, मग टण् करून मुठीपासून चार बोटांवर तुटलं. मुठीचा तुकडा त्याच्या हातात, बाकीचं जांभळात. वरून त्याचं म्हणणं, कंपनीनं फसवलं! शेवटी शेतमालकानं कोयत्यानं फांदी तोडून दिली. रस्सा चुलीवर चढायला रात्रीचे दहा वाजले.

फांदी दोन्हीकडं टेकलेली असेल तर वरून थोडं कापा, उरलेलं खालून वर. एकच टोक टेकलं असेल आणि दुसरं हवेत असेल तर उलटं करा: आधी खालून थोडी चीर, मग वरून. पातं अडकलंच तर ओढाताण नको, फांदी खालून उचलून धरा, चीर उघडते आणि पातं आपसूक सुटतं. ढकलताना हात सैल, ओढताना जोर. ओढायचा जोरही बेताचाच, दात आपलं काम करतात.

परदेशी व्हिडिओ बघून दात निवडणं

तिकडचे शिकारी रानात जनावर सोलतात, हाडं कापायला त्यांना बारीक दातांचं पातं लागतं. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, रानातली शिकार बंद. मग ते पातं घेऊन काय कापणार? ओल्या लाकडात बारीक दात चिकानं आणि भुशानं लगेच भरतात. ओल्याला मोठे, विरळ दात. वाळलेल्या टणक लाकडाला आणि बांबूला बारीक, नाहीतर बांबूच्या चिरफाळ्या निघतात. एकच घ्यायची तर मधल्या दातांची घ्या. आकडे ताडून बघताना एक भानगड असते: काही जपानी कंपन्या दात 30 मिलिमीटरमागं मोजतात, बाकीचे इंचामागं, म्हणजे 25.4 मिलिमीटरमागं.

अभयारण्यात करवत काढणं

दाजीपूरच्या जंगलात, म्हणजे राधानगरी अभयारण्यात, पडलेली काटकीही उचलायची नाही. शेकोटी खाजगी जागेत, मालकाला विचारून. बाकी ठिकाणी छोटा गॅस न्या, मग करवतीचा विषयच मिटला.

आता थोडक्यात. तारेची करवत, जी गुंडाळून डबीत बसते, ती घेऊच नका; तापते, पिळा पडतो, ऐन कामात तुटते. हॅकसॉचं पातं लोखंडासाठी असतं, "चालतंय की" म्हणून लाकडावर घासत बसू नका. घेण्याआधी दुकानातच पातं उघडून लॉक हलवून बघा. जरा जरी खडखडलं तरी परत ठेवा, ते पातं मिटलं तर बोटांवरच येतं. मोकळ्या हातात जाड हातमोजा घाला, सुरुवातीला पातं उसळतं ते नेमकं त्याच हातावर.

दातांची टोकं निळसर-काळी दिसली तर ती कडक केलेली असतात, तिकोनी कानस त्यावर नुसती घसरते. अशा करवतीला धार लावून मिळत नाही, पातंच बदलायचं. म्हणून ज्या करवतीचं सुटं पातं मिळत नाही, ती मी कितीही स्वस्त असली तरी घेत नाही. घरी आल्यावर दातांतला चीक रॉकेलच्या फडक्यानं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि करवत ओल्या सॅकमधून बाहेर काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसात पातं सॅकमध्ये विसरलात तर आठवड्यात गंज धरतो.